वेळ छे

हेमराज ओल्या रेतीत पालथा पडला होता. कोपरं रोवून, श्वास धरून, डोळ्याला कॅमेरा लावून. त्याच्यापुढे हातभर अंतरावर हरभऱ्याच्या दाण्याएवढा एक खेकडा बिळातून बाहेर यावं की न यावं याचा विचार करत होता. मागे उभी सुषमा नवऱ्याच्या पांढऱ्या शर्टाकडे बघत होती. हा शर्ट आता जन्मात पांढरा होणार नाही, हे तिला कळून चुकलं होतं. पण ती बोलली नाही. आज काही म्हणजे काही बोलायचं नाही, असं ती घरूनच ठरवून आली होती.

बोलायला कारणं काय कमी होती? सकाळी बमरोलीच्या घरून निघताना गल्लीतल्या धुडकूची मागून आणलेली स्कूटर तीनदा बंद पडली. वाटेत धुळेटीचा उरलासुरला रंग घेऊन उभ्या असलेल्या पोरांनी तिच्या साडीवर पिचकारी मारली. आणि डुमसच्या समुद्रावर चार माणसांत, भजीच्या गाड्यांपाशी बसायचं सोडून हा बाबा त्यांना सरूच्या बनातून पार पुढे घेऊन आला, जिथे कुत्रंसुद्धा नव्हतं. इथे रेतीवर माणसांची पावलं नसतात, म्हणाला. माणसांची पावलं नसतात तिथे आपण कशाला जायचं, हे सुषमाच्या अगदी ओठावर आलं होतं. तिने ते गिळलं.

भित्री म्हणून तिची घरात कीर्ती होती. मूळची ती काही तशी नव्हती हो. पण मागच्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग आला, आणि नाकाला रुमाल बांधून, नऊ वर्षांच्या नूतनला छातीशी धरून, दारात लोंबकळणाऱ्या माणसांच्या गाडीतून ती अमळनेरकडे माहेरी गेली, तेव्हापासून काहीतरी सुटलं ते सुटलंच. दिवाळीनंतर परत आली तरी भीती काही माहेरी राहिली नाही, तीही बरोबर आली. गॅसची कळ दोनदा बघायची. नूतनला शिंक आली की कपाळाला हात लावायचा. रोज सकाळी पोर शाळेत निघाली की गल्लीच्या तोंडाशी उभं राहायचं, आणि ती रस्ता ओलांडेपर्यंत हात पुढे करून, तळवा जमिनीकडे ठेवून, हवा खाली दाबल्यासारखं करत राहायचं: सावकाश, सावकाश. नूतन पलीकडून मान डोलवायची, मगच सुषमा आत यायची.

“तुनी मम्मी झोपमा बी कडी तपासस,” हेमराज पोरीला म्हणायचा, आणि दोघं खिदळायची. आई झोपेतसुद्धा दाराची कडी तपासते म्हणे. सुषमाही हसायची. पण हसता हसता तिला वाईट वाटायचं. आपल्यापायी ह्या माणसाचा एकही दिवस धड जात नाही, असं वाटायचं. म्हणून आज तिने देवापुढे दिवा लावतानाच ठरवलं होतं. आज टोकायचं नाही, हाक मारायची नाही, मोडता घालायचा नाही.

कारण हेमराजला हा दिवस हवा होता. पांडेसऱ्याच्या एका प्रिंटिंग मिलमध्ये तो ट्रेसर होता. साडीवर छापायची नक्षी कागदावरून फिल्मवर उतरवायची, हे त्याचं काम. आणि नक्षी यायची कुठून? बाजारातून दुसऱ्याची साडी आणायची, तिच्यातलं फूल उलटं करायचं, एक पान वाढवायचं, झाली नवी डिझाइन. अकरा वर्षं त्याने हीच उलटापालट केली. यंदा शेठ म्हणाले, उन्हाळ्यासाठी कोणाकडे नसेल अशी बुट्टी आण, मग बघू. तेव्हापासून ह्या माणसाला झपाटलं. जुना यशिका कॅमेरा घेतला, आणि त्या फागणातले सगळे रविवार मायलेकींना घेऊन हिंडण्यात गेले. पलसाण्याच्या पुढे पळस फुलला होता, तो टिपला. बारडोलीकडे उसाचे तुरे टिपले, एका वाडीतला आंब्याचा मोहोर टिपला. ते रविवार सुषमालाही आवडले होते, उगाच खोटं कशाला बोला. झाडाखाली सतरंजी, पुऱ्या, लोणचं, नूतनच्या केसांत पळसाचं फूल. पायाखाली जमीन होती.

समुद्राचं तिला तसं नव्हतं. ती तापीकाठची. तापीचं पाणी चढतं कसं हे तिला माहीत होतं. आधी वरच्या गावांहून सांगावा येतो, मग गढूळ रंग येतो, मग आवाज येतो, आणि एकदा उतरलं की ते पाणी पुढच्या पावसाळ्यापर्यंत वर चढत नाही. हीच तापी इथे येऊन समुद्राला मिळते, एवढं तिला ठाऊक होतं. पण समुद्र असा मैलभर मागे सरून बसतो, आपली जमीन अशी उघडी टाकून जातो, हे तिने आज पहिल्यांदा पाहिलं. नजर पोचेल तिथवर नुसती काळी ओली रेती, आणि पार टोकाला पाण्याची एक पांढरी रेघ.

“निंघना,” हेमराज कुजबुजला. खेकडा निघाला होता. कॅमेऱ्याची कळ वाजली.

मग त्याने नूतनला जवळ बोलावून दाखवलं. बिळाभोवती ज्वारीच्या दाण्याएवढ्या रेतीच्या गोळ्या होत्या, शेकडो, आणि त्या गोलगोल पाकळ्यांसारख्या मांडलेल्या. खेकडा रेती खातो, त्यातलं हवं ते घेतो आणि बाकीची गोळी करून मागे टाकतो, असं तो सांगत होता. एकाशेजारी एक अशी फुलंच फुलं रेतीवर पसरली होती. ही बुट्टी अख्ख्या सुरतेत कोणी छापली नाही, असं म्हणताना त्याचा आवाज कापत होता. सुषमाने बारा वर्षांत त्याला इतकं आनंदात पाहिलं नव्हतं. तिलाही ती नक्षी सुंदर वाटली. पिवळ्या जमिनीवर करड्या रंगात उठून दिसेल, असं तिने सुचवलंसुद्धा.

रोलमध्ये पाच-सहा फोटो राहिले होते. पाण्याच्या रेघेपाशी पक्षी बसले होते, गुलाबीसर, उंच पायांचे. तेवढे घेऊन येतो, म्हणाला. नूतन म्हणाली, मी पण. सुषमाने पाण्याकडे पाहिलं. ते कितीतरी लांब होतं. मध्ये, अगदी किनाऱ्यालगत, एक ओहळ तेवढा वाहत होता, घोट्याइतका, येताना तिघांनी तो चपला हातात घेऊन ओलांडला होता. मी सामानापाशी बसते, एवढंच ती म्हणाली, आणि ओहळ परत ओलांडून सरूच्या सावलीत आली.

बसली खरी, पण लक्ष कुठे लागतंय. दोन ठिपके लहान लहान होत चालले होते. एक पांढरा, एक लाल. लाल म्हणजे नूतनचा फ्रॉक. मधेच ते दोघं थांबायचे, खाली वाकायचे, पुन्हा चालायचे. वाऱ्याने सरूच्या झाडांत सूं सूं लावलं होतं. पाव तास गेला, अर्धा गेला. ऊन चढलं. सुषमा उगाच पिशवीतलं सामान काढून पुन्हा भरायला लागली. कारण काही नव्हतं. पाणी होतं तिथेच होतं, आभाळ स्वच्छ होतं. तरी ती उठून उभी राहिली, दोन्ही हात तोंडाशी नेले, छाती भरून श्वास घेतला. आणि मग आठवलं, आज हाक मारायची नाही.

तेवढ्यात बनातून एक कोळीण आली. डोक्यावर टोपली, नऊवारीसारखा कासोटा, चाल झपाझप. तिने रेतीतल्या त्या दोन ठिपक्यांकडे पाहिलं, मग सुषमाकडे पाहिलं. हनुवटीने समुद्राकडे खूण केली आणि चालता चालताच म्हणाली:

“वेळ छे, बेन. वेळ.”

आणि पुढे निघून गेली.

सुषमाला काय हायसं वाटलं म्हणून सांगू. बारा वर्षं सुरतेत काढलेली बाई, गुजराती तिला कळत होतं. आणि यात कळायचं तरी काय होतं? घरी ते ‘येळ शे’ म्हणायचे, ही ‘वेळ छे’ म्हणाली. वेळ आहे. इथलीच बाई, रोज समुद्र बघणारी, तीच सांगते वेळ आहे, मग आपण कोण लागून गेलो? तिने तोंडाशी नेलेले हात खाली आणले. आपण खरंच भित्र्या आहोत, या विचाराने तिला स्वतःचंच हसू आलं.

नेमकं त्याच वेळी तिकडे लाल ठिपक्याने वळून पाहिलं. एवढ्या लांबून चेहरा दिसत नव्हता, पण पोर आपल्याकडे बघते आहे हे आईला कळतंच. सुषमाने हात पुढे केला आणि तळवा खाली ठेवून दाबला, रोज सकाळी दाबायची तसाच. सावकाश. होऊ दे तुमचं सावकाश. पांढरा ठिपकाही वळला. त्याने बहुतेक कॅमेरा डोळ्याला लावला, कारण दोन्ही कोपरं बाजूला आलेली दिसली. सुषमाने अजून दोनदा हात हलवला, आणि डबा उघडायला खाली बसली.

पुन्हा मान वर केली तर दोघं परत येत होती. इतक्यात कशी, असं तिला वाटलं. रोल संपला असेल. तिने तीन ताटल्या मांडल्या, त्यांत पुऱ्या ठेवल्या, वारा होता म्हणून त्यांवर एकेक लोणच्याची फोड ठेवली.

“वेळ आवी! ओ बेन! वेळ आवी!”

बनाच्या कडेला होडीच्या आड जाळं शिवत बसलेला, इतका वेळ तिला न दिसलेला म्हातारा उठून पळत येत होता. त्याच्या हातात सुईदोरा तसाच होता. तो तिच्याकडे बघत नव्हता, समोर बोट दाखवत होता. सुषमाने बोटाच्या दिशेने पाहिलं. जो ओहळ घोट्याइतका होता तो आता बैलगाडीच्या रस्त्याएवढा रुंद झाला होता. आणि त्यातलं पाणी उलट वाहत होतं. समुद्राकडे जायचं सोडून ते समुद्राकडून येत होतं, आवाज न करता, फेस न काढता, घाईघाईने. पाण्याची ती पांढरी रेघ तर कुठेच नव्हती. तिच्या जागी पाणीच होतं, आणि ते बापलेकीच्या मागून येत होतं.

वेळ.

तो शब्द तिच्या कानात दुसऱ्यांदा पडला आणि या खेपेला त्याचा अर्थ बरोबर घेऊन पडला. कोणी समजावून सांगावं लागलं नाही. वेळ म्हणजे भरतीचं पाणी. ती बाई तिला सांगून गेली होती, दोनदा सांगून गेली होती, आणि हिने काय केलं? हात करून म्हणाली, सावकाश. तिला ओरडायचं होतं, पण नरड्यातून आवाज निघेना. आपण आपल्या हाताने दोघांना मारलं, एवढं एकच वाक्य तिच्या डोक्यात घुमायला लागलं.

म्हाताऱ्याने, मगनकाका म्हणत त्याला, तिचा दंड धरून हलवलं. समोरून येऊ देऊ नको, तो गुजरातीत ओरडत होता, समोर ओहळ खोल आहे, खाली गाळ आहे, पाय रुतेल. तिकडे डाव्या हाताला जाळ्याचे खुंट दिसतात ना, तिथे तळ कठीण आहे. तिकडे वळव त्यांना.

तिने हात केला नाही. हाताने काय सांगायचं असतं हे त्या क्षणी ती विसरूनच गेली होती. ती धावत सुटली. साडी गुडघ्यापर्यंत धरून, अनवाणी, किनाऱ्याकिनाऱ्याने खुंटांच्या दिशेने. हेमराजने बायकोला धावताना पाहिलं आणि काय समजायचं ते समजला. तोही पलीकडून तिच्याबरोबरीने धावायला लागला. नूतन त्याच्या हाताला लटकलेली. पाणी त्यांच्या पोटऱ्यांपर्यंत आलं. मग गुडघ्यापर्यंत, पोरीच्या कमरेपर्यंत. एकदा नूतन पडली आणि लाल फ्रॉक पाण्यावर फुगून आला. सुषमाच्या तोंडून आवाज निघाला तो तेव्हा. कसला आवाज होता, तिचा तिला ओळखू आला नाही.

मगनकाका तोवर पाण्यात उतरला होता, एका खुंटावरून दुसऱ्या खुंटाला धरत, छातीपर्यंत. त्याने नूतनला उचलून खांद्यावर घेतलं. हेमराजने गळ्यातला कॅमेरा काढून तिच्या गळ्यात अडकवला. असल्या वेळीही कॅमेरा! मग म्हातारा वळला आणि हेमराज मागून एक एक खुंट पकडत निघाला. तिसऱ्या खुंटापाशी त्याचा हात सुटला. डोकं पाण्याखाली गेलं. सुषमा बघत होती, पाणी गढूळ होतं, सपाट होतं, आणि त्यावर काही नव्हतं. विठाई, विठाई, विठाई, एवढंच ती म्हणत होती. हे तिच्या आजीच्या तोंडातलं नाव तिला कुठून आठवलं, कोण जाणे. मग डावीकडे हातभर अंतरावर डोकं वर आलं, खोकत, ठसकत. त्याने खुंट कवटाळला.

किनाऱ्यावर आल्यावर नूतन आईच्या पोटात तोंड खुपसून बसली होती. ज्या रेतीवर हेमराज पालथा पडला होता तिथे आता पुरुषभर पाणी होतं, आणि ते अजून येतच होतं. पुनवेच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचं पाणी असंच असतं, मगनकाका सांगत होता, वर्षातलं मोठ्यात मोठं, मागून येतं, आधी ओहळ भरतं. त्याने अंगावरचं पाणी निपटलं आणि हेमराजकडे बघून म्हणाला:

“दस मिनिट मोडा पड्या होत तो…”

दहा मिनिटं उशीर झाला असता तर, एवढंच. मग सुषमाकडे वळून त्याने विचारलं, कोणी सांगितलं नाही का तुम्हाला?

सुषमाने मान हलवली. नाही.

हेमराज दातांवर दात आपटत होता, तरी हसत होता. त्याने ओला हात तिच्या गुडघ्यावर ठेवला. “तू हात करा म्हनीसन फिरनूत,” तो म्हणाला. तू हात केलास म्हणून फिरलो. मग पुन्हा पुन्हा तेच. हिने बोलावलं म्हणून वाचलो काका, नाहीतर मी अजून पक्ष्यांपाशीच असतो. मगनकाकाने सुषमाला हात जोडले. तिने तोंड उघडलं. शब्द जिभेवर होते, सगळे, ओळीने. पण नूतनचे ओले केस तिच्या हनुवटीखाली होते, आणि तिला बोलवेना. नंतर सांगू, असं तिने मनाशी म्हटलं.

नंतर सांगायचं ते राहून जातं. बमरोलीत पोचेपर्यंत हेमराजने धुडकूला सांगून टाकलं होतं, धुडकूने गल्लीला. बायका भेटायला आल्या. तुला कसं कळलं ग, विचारत राहिल्या. शेजारच्या मंगलाबाईंनी तर तिच्यावरून मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या. म्हणाल्या, भितो तोच घर राखतो बाई. भित्री म्हणून तिला चिडवणं त्या दिवसापासून घरात बंद झालं. हेमराज काही विचारायचं झालं की आधी तिला विचारू लागला. सुषमाला ते चिडवणं परवडलं असतं. सकाळी नळाला पाणी आलं की ती ड्रमजवळ उभी राहायची, आणि पाणी अर्ध्यावर आलं की तोटी बंद करायची. वर चढत येणारं पाणी तिला बघवत नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी ती अजून जात होती, पण हात पदरात धरून ठेवायची.

दहा-बारा दिवसांनी रोल धुऊन आला. खेकड्यांची नक्षी सुरेख आली होती. शेठना पसंत पडली. पिवळ्या जमिनीवर, करड्या रंगात, सुषमाने सांगितलं होतं तशीच. मिलमध्ये प्रत्येक डिझाइनला एक नाव द्यावं लागतं. हेमराजने त्या बुट्टीचं नाव लिहून दिलं, ‘सुषमा’. घरी येऊन लाजत लाजत सांगितलं. ती स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळत बसली.

आणि रोलमधला शेवटचा फोटो होता तो तिचा. सरूची रांग, खाली रेती, आणि मध्ये बोटाच्या पेराएवढी एक बाई, हात पुढे केलेली. हेमराजने तो मोठा करून आणला, पुठ्ठ्यावर चिकटवला. हात चांगला दिसत होता. तळवा खाली. कोणीही बघितलं असतं तर म्हणालं असतं, ही ‘या, या’ करते आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो फोटो दाखवायचा हेमराजला छंदच लागला.

रविवारी दुपारी सुषमा नूतनच्या वेण्या घालत होती. बाहेर ओट्यावर हेमराज आणि गल्लीतला निंबा बोलत बसले होते. आज बाहेर कुठे जायचं नव्हतं. त्या दिवसानंतर ते कुठेच गेले नव्हते. एक वेणी झाली. दुसरीचे तीन पेड काढले तेव्हा पोर समोर भिंतीकडे बघत म्हणाली:

“मम्मी, मी एक खोटं बोलले.”

“कोणाशी?”

“पप्पांशी. समुद्रावर.”

सुषमाचे हात चालत होते ते चालतच राहिले.

“तू बोलावत नव्हतीस,” नूतन म्हणाली. “तू ‘सावकाश’ करत होतीस. मी शाळेत जाताना करतेस तसं. मला लांबूनच कळलं.”

मग तिने हळूहळू सगळं सांगितलं. पप्पांना आधी दिसलंच नव्हतं, तिनेच दाखवलं, ती बघा मम्मी बोलावते. पप्पा म्हणाले, तुझी मम्मी आज बोलावणार नाही, आज तिने न बोलायचं ठरवलंय, मला कळतं. असं म्हणून त्यांनी फोटो काढला आणि पुन्हा पक्ष्यांकडे निघाले. तेव्हा ती पाय रोवून उभी राहिली. नाही, बोलावते, बोलावते, म्हणाली, आणि रडायला लागली. म्हणून ते फिरले.

“का ग?”

“माझ्या पायाखालची रेती हलत होती. आतून. मला भीती वाटली.” तिने नाक ओढलं. “भीती वाटते म्हटलं असतं तर पप्पा म्हणाले असते, आईवर गेली.”

सुषमाच्या बोटांतून एक पेड सुटला. तिने तो पुन्हा धरला, पुन्हा सुटला. आईवर गेली. बरं झालं ग बाई, आईवर गेलीस. तिने पोरीचं डोकं मागे ओढून स्वतःच्या छातीशी टेकवलं आणि थोडा वेळ तसंच धरलं. डोळ्यांतून पाणी आलं ते पोरीच्या तेल लावलेल्या भांगात पडलं.

“मी सावकाशच म्हणत होते,” ती म्हणाली. किती दिवसांत पहिल्यांदा ते तोंडाबाहेर पडलं, आणि आवाज अगदी रोजचा होता, ताक हवं का विचारावं तसा. “एका बाईने मला सांगितलं होतं, पाणी येतंय म्हणून. मला तिचा शब्द कळला नाही. मला वाटलं, ती म्हणते, वेळ आहे.”

नूतनने मान वळवून आईकडे पाहिलं. ती रागावली नव्हती, घाबरलीही नव्हती. गणित सुटल्यावर दिसते तशी दिसत होती.

“पप्पांना माहीत नाही?”

“नाही.”

“मग सांगायचं का त्यांना?”

“सांगू ना.”

“कधी?”

बाहेर ओट्यावर निंबा काहीतरी म्हणाला आणि हेमराज मोठ्याने हसला. सुषमाने फीत दातांत धरली होती, ती हातात घेतली.

“सांगू ग. आहे अजून वे…”

ती थांबली. नूतन तिच्याकडे बघत होती.

सुषमाने फीत पोरीच्या हातात दिली आणि एक वेणी सुटीच ठेवून ती उठली. दाराशी आली. हेमराजच्या मांडीवर पुठ्ठा होता आणि तो निंबाला बोटाने दाखवत होता, हात बघ, हात बघ तिचा. सुषमा उंबरा ओलांडून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, आणि तिने तो फोटो त्याच्या हातातून काढून घेतला.